घरभेद्याची साक्ष

‘घरभेदी’ हा शब्द मराठीत कोणी कौतुकाने वापरल्याचे ऐकिवात नाही. सोलापूर-मराठवाड्याकडे बिभीषण नावाची माणसे भेटतात, सात चिरंजीवांच्या स्मरणात बिभीषणाचे नाव आदराने घेतले जाते, आणि तरीही कोणाला ‘घरचा बिभीषण’ म्हटले की त्याचा चेहरा उतरतो. रामायण मात्र या माणसाची गोष्ट बारकाईने सांगते. बिभीषण आधी भर सभेत, भावाच्या तोंडावर बोलतो. अपमान होतो, तेव्हा चार सोबत्यांसह लंका सोडतो. समुद्राच्या अलीकडे त्याच्यावर कोणी चटकन विश्वास ठेवत नाही. सुग्रीवाला तो शत्रूचा हेर वाटतो. राम त्याला अभय देतो आणि तिथून पुढे त्याच्या बोलण्याला मोल येते. म्हणजे या गोष्टीला तीन पात्रे लागतात : ज्याच्याविरुद्ध बोलायचे तो घरचा माणूस, बोलणारा, आणि ऐकून घेणारा. पहिल्या दोघांविषयी आपण पिढ्यान्‌पिढ्या वाद घालत आलो आहोत. तिसऱ्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही.

संघटित गुन्हेगारीवरचे चित्रपट पाहताना आणि त्यांच्यामागच्या खऱ्या घटना वाचताना मला हे तिसरे पात्र पुन्हा पुन्हा दिसत गेले. मी विद्यापीठात शिकवणारा अभ्यासक नाही, कायद्याचा पदवीधरही नाही. नोकरी सांभाळून फिल्म सोसायटीचे काम करता करता सिसिलीच्या चित्रपटांशी ओळख झाली आणि ते नीट कळावेत म्हणून शब्दकोश हाताशी ठेवून कामापुरते इटालियन शिकलो. त्या वाचनातून हाती आलेले एक सूत्र या लेखात मांडतो. घरच्या गुन्हेगाराविरुद्ध बोलणे म्हणजे कुटुंबावरची माया संपणे, असे आपण धरून चालतो. या कथा वेगळे सांगतात. बोलण्याची सुरुवात बहुधा मायेतूनच होते. कोणी तरी आपले मेलेले असते. तिथून दोन वाटा फुटतात, एक सुडाची आणि दुसरी साक्षीची. माणूस कोणत्या वाटेने जाईल, हे त्याच्या धैर्याइतकेच ऐकून घेणारा कोण भेटतो यावर ठरते.

‘कुटुंब’ हा शब्द कोणाचा?

सिसिलीच्या माफियाचे खरे नाव कोझा नोस्त्रा, म्हणजे ‘आपली गोष्ट’. तिची आतली रचना जगाला नीट कळली ती १९८४ नंतर. त्या वर्षी तोम्माझो बुशेत्ता या माफिया सदस्याला ब्राझीलमधून इटलीत आणले गेले आणि तो पालेर्मोचे न्यायाधीश जोव्हान्नी फाल्कोने यांच्यासमोर बोलू लागला. त्याने सांगितलेल्या रचनेत सर्वांत खालच्या पायरीवरच्या गटाचे नाव होते ‘फामिल्या’, म्हणजे कुटुंब. या कुटुंबात माणूस जन्माने येत नाही, शपथेने येतो. बोट टोचून रक्ताचा थेंब संताच्या चित्रावर पाडायचा आणि ते चित्र तळहातावर जळत असताना शपथ घ्यायची, असा तो विधी. शपथेनंतर रक्ताच्या नात्याचा क्रमांक दुसरा. कॅलाब्रिया प्रांतातल्या न्द्रांगेता या संघटनेने तर हा फरकही ठेवला नाही. तिथे टोळी प्रत्यक्ष घराण्यावरच उभी असते, त्यामुळे टोळीविरुद्ध बोलायचे तर बापाविरुद्ध किंवा चुलत्याविरुद्धच बोलावे लागते.

आपल्याकडे ‘आपलेच दात, आपलेच ओठ’ म्हणतात. सिसिलीत या वृत्तीला ‘ओमेर्ता’ म्हणतात. पण आपली म्हण अगतिकतेची आहे, तर ओमेर्ता हा मर्दानगीचा नियम आहे आणि तो मोडणाऱ्याला शिक्षा आहे. घरोघरी असलेला एक साधा संकोच टोळीने उचलला आणि त्याचा कायदा केला.

चित्रपटाने या कामी टोळीला बरीच मदत केली. १९७२ चा ‘द गॉडफादर’ तयार होत असताना इटालियन-अमेरिकन नागरी हक्कांच्या एका संघटनेने हरकत घेतली आणि निर्मात्यांनी पटकथेतून ‘माफिया’ हा शब्द काढून टाकला. ती संघटना स्थापन करणारा जोसेफ कोलंबो स्वतः न्यूयॉर्कमधल्या एका टोळीचा प्रमुख होता, हे लक्षात घेतले की या मागणीतली खोच कळते. गुन्ह्याचे नाव पडद्यावरून गेले आणि प्रेक्षकांच्या मनात ठसले ते ‘कुटुंब’.

या कुटुंबाची किंमत पाहायची असेल तर ‘सिसिलियन घोस्ट स्टोरी’ हा २०१७ चा चित्रपट पाहावा. त्याच्यामागची घटना खरी आहे. सांतीनो दी मात्तेओ हा माफिया सदस्य न्यायाधीश फाल्कोने यांच्या हत्येविषयी बोलू लागला, तेव्हा नोव्हेंबर १९९३ मध्ये त्याच्या ज्युझेप्पे या १२ वर्षांच्या मुलाला पळवण्यात आले. बापाने जबाब मागे घ्यावा म्हणून त्या मुलाला दोन वर्षांहून अधिक काळ कोंडून ठेवले आणि जानेवारी १९९६ मध्ये गळा दाबून मारून देह आम्लात विरघळवला. बायका-मुलांना हात लावायचा नाही, ही माफियाची स्वतःविषयीची आवडती दंतकथा. ज्युझेप्पेच्या बाबतीत मूल हेच हत्यार होते.

शंभर पावले

या विषयावरचा माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा चित्रपट म्हणजे मार्को तुल्लिओ जोर्दाना यांचा ‘इ चेंतो पास्सी’, म्हणजे ‘शंभर पावले’. तो सन २००० मध्ये व्हेनिस महोत्सवात दाखवला गेला आणि त्याच्या पटकथेला तिथे पुरस्कार मिळाला. पटकथाकारांपैकी क्लाउदिओ फावा यांचे वडील ज्युझेप्पे फावा हे पत्रकार. माफियाविरुद्ध लिहिल्यामुळे जानेवारी १९८४ मध्ये कातानिया शहरात त्यांना गोळ्या घालण्यात आल्या होत्या. बापाचा खून झालेल्या मुलाने दुसऱ्या एका बाप-लेकाची गोष्ट लिहिली आहे, हे ध्यानात ठेवून चित्रपट पाहिला तर त्यातल्या बापाविषयीची समजूतदार नजर अधिक जाणवते.

चित्रपटाचा नायक पेप्पिनो इम्पास्तातो खरा माणूस. जन्म १९४८, पालेर्मोजवळच्या चीनिसी गावात. वडील लुइजी माफियाशी बांधलेले. आत्याचा नवरा चेझारे मांझेल्ला गावचा म्होरक्या; १९६३ मध्ये मोटारीत ठेवलेल्या बॉम्बने त्याच्या चिंधड्या उडाल्या, तेव्हा पेप्पिनो १५ वर्षांचा होता. मांझेल्लानंतर गावाची सूत्रे गाएतानो बादालामेंतीकडे गेली. त्याचे घर इम्पास्तातोंच्या घरापासून शंभर पावलांवर. चित्रपटात पेप्पिनो रात्री धाकट्या भावाला, जोव्हान्नीला, ओढत रस्त्यावर नेतो आणि मोठ्याने पावले मोजत त्या घरापर्यंत चालत जातो. त्या प्रसंगावरूनच चित्रपटाला नाव मिळाले आहे.

पेप्पिनोने विशीत येण्याआधीच एक छोटे नियतकालिक काढले आणि त्यात माफियाला विष्ठेचा डोंगर म्हणणारा लेख लिहिला. आई फेलिचा घाबरून गेली. तो अंक बाहेर पडू नये म्हणून तिने त्याच्या मित्रांच्या विनवण्या केल्या. वडिलांनी त्याला घराबाहेर काढले. वडील घरी नसताना तो आईकडे यायचा, जेवायचा. विमानतळाच्या तिसऱ्या धावपट्टीसाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या जात होत्या, त्या आंदोलनात तो उतरला. १९७७ मध्ये मित्रांना घेऊन त्याने ‘रादिओ आउत’ हे छोटे रेडिओ केंद्र सुरू केले. त्यावरच्या एका विडंबनाच्या कार्यक्रमात तो गावाला ‘माफियोपोली’ म्हणायचा आणि गाएतानोचे ‘तानो’ करून अमेरिकेतल्या ‘सिटिंग बुल’ या आदिवासी नेत्याच्या नावाच्या चालीवर त्याला ‘बसलेला तानो’ म्हणायचा. ज्या माणसासमोर गाव मान खाली घालून उभे राहते, त्याच्यावर गावाने घरात बसून हसायचे, ही त्या कार्यक्रमाची करामत होती. धाकाला हसण्याइतके दुसरे कशाचे भय नसते.

बापाचे काय झाले? लुइजी अमेरिकेतल्या नातेवाइकांकडे गेला. पेप्पिनोला मारायचे असेल तर आधी मला मारावे लागेल, असे तो तिथे म्हणाल्याचे फेलिचा यांनी पुढे सांगितले. ज्या बापाने मुलाला घराबाहेर काढले, तोच त्याच्यासाठी ढाल होऊन उभा होता. सप्टेंबर १९७७ मध्ये मोटारीच्या धडकेने तो मेला. पुढच्या वर्षी पेप्पिनो नगरपालिकेच्या निवडणुकीला उभा राहिला आणि ८ मेच्या रात्री त्याला ठार करून, देह रेल्वेमार्गावर ठेवून स्फोटकाने उडवण्यात आले. दुसऱ्या दिवशी, ९ मे १९७८ रोजी, रोममध्ये माजी पंतप्रधान आल्दो मोरो यांचा मृतदेह सापडला आणि देशाचे सारे लक्ष तिकडे गेले. पोलिसांनी चीनिसीच्या प्रकरणाला, बॉम्ब ठेवताना स्वतःच उडालेला अतिरेकी किंवा आत्महत्या, असे स्वरूप दिले. गावाने मात्र त्या निवडणुकीत मेलेल्या पेप्पिनोला निवडून दिले.

चित्रपट अंत्ययात्रेशी थांबतो. त्याआधी एक प्रसंग येतो. अमेरिकेहून आलेला नातेवाईक सूड उगवण्याची भाषा करतो. पेप्पिनो कसाही असला तरी आपल्या रक्ताचा होता, असा त्याचा सूर. आई ते नाकारते. तो तुमच्यातला नव्हता आणि मला सूड नको, असा तिच्या बोलण्याचा आशय. सिसिलीच्या रीतीप्रमाणे मुलाचे रक्तलांछित कपडे दाखवून धाकट्याला सुडासाठी तयार करायचे ते आईने. फेलिचा यांनी धाकट्याला वाचवले आणि थोरल्यासाठी न्यायालयाचा दरवाजा ठोठावला.

पडद्याबाहेरची कथा इथून सुरू होते आणि ती मला चित्रपटाहून मोठी वाटते. पेप्पिनोच्या मित्रांनी रुळाजवळच्या पडीक घरात रक्ताचे डाग असलेले दगड शोधून जपले. फेलिचा आणि जोव्हान्नी यांनी माफियातल्या नातेवाइकांशी संबंध तोडले आणि खटल्यात फिर्यादी पक्षाच्या बाजूने उभे राहिले. पालेर्मोत उम्बेर्तो सांतीनो आणि आन्ना पुल्यीझी या दांपत्याने १९७७ मध्ये एक दस्तऐवजीकरण केंद्र काढले होते. त्याला पुढे पेप्पिनोचेच नाव देण्यात आले. या दोघांनी फेलिचा यांचे कथन शब्दशः टिपून १९८६ मध्ये ‘माझ्या घरातला माफिया’ अशा अर्थाच्या नावाने पुस्तकरूपात आणले. १९८४ मध्ये न्यायालयाने खून माफियाने केला हे मान्य केले, पण ‘अज्ञात’ आरोपींकडून. मग प्रकरण पुन्हा बंद झाले. १९९६ मध्ये ते उघडले. २००१ मध्ये बादालामेंतीचा साथीदार व्हितो पालाझ्झोलो याला ३० वर्षांची, तर २००२ मध्ये खुद्द बादालामेंतीला जन्मठेपेची शिक्षा झाली. खुनापासून शिक्षेपर्यंत २४ वर्षे गेली. फेलिचा २००४ च्या डिसेंबरात, ८८ व्या वर्षी वारल्या. बादालामेंती त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या तुरुंगात मेला होता.

या २४ वर्षांत फेलिचा यांना ऐकणारे पोलीस नव्हते. ते ध्वनिमुद्रक घेऊन आलेले दोन अभ्यासक होते. माझ्यासारख्या संस्थेबाहेर काम करणाऱ्याला हा तपशील धीर देतो.

सतरा वर्षांची मुलगी

फेलिचा यांच्या शेजारी दुसऱ्या एका आईला उभे केल्याशिवाय चित्र पुरे होत नाही. त्रापानी जिल्ह्यातल्या पार्तान्ना गावच्या रीता आत्रियाचे वडील माफियात होते. ती ११ वर्षांची असताना, १९८५ मध्ये, त्यांचा खून झाला. भाऊ निकोला सुडाच्या मागे लागला आणि १९९१ मध्ये तोही मारला गेला. निकोलाची बायको पिएरा आइएल्लो हिने नवऱ्याचा खून डोळ्यांनी पाहिला होता. तिने पोलिसांकडे जायचे ठरवले. काही महिन्यांनी १७ वर्षांची रीताही गेली. तिला वडील आणि भावाच्या मारेकऱ्यांना धडा शिकवायचा होता. म्हणजे साक्ष द्यायला निघाली तेव्हा तिच्या मनात सूडच होता.

तिला भेटले सरकारी वकील पाओलो बोर्सेल्लीनो. त्यांच्याशी बोलताना तिला हळूहळू एक अवघड गोष्ट उमगली. मारणाऱ्यांवर आरोप करायचा तर मेलेल्यांनी काय केले होते, तेही सांगावे लागते. ज्या बापासाठी बोलायचे, त्याच बापाचे गुन्हे कागदावर येतात. मार्को अमेन्ता यांनी रीताच्या आयुष्यावर १९९७ मध्ये माहितीपट आणि २००८ मध्ये ‘ला सिचिलियाना रिबेल्ले’ (बंडखोर सिसिलियन मुलगी) हा कथाचित्रपट केला. त्यातला कळीचा भाग हाच आहे. लाडक्या बापाची प्रतिमा स्वतःच्याच तोंडाने मोडावी लागणारी मुलगी तिथे दिसते. घराविरुद्ध बोलण्याची खरी किंमत धमकीपेक्षा इथे मोजावी लागते.

आईने रीताला टाकले. मुलगी रोममध्ये वेगळ्या नावाने, सरकारी संरक्षणात राहू लागली. १९ जुलै १९९२ रोजी पालेर्मोत बॉम्बस्फोटात बोर्सेल्लीनो मारले गेले. एका आठवड्याने, २६ जुलैला, रीताने आयुष्य संपवले. ती अजून १८ वर्षांचीही नव्हती. आईने पुढे दफनभूमीत जाऊन मुलीच्या थडग्यावरचा दगड हातोडीने फोडला.

या दोन आयांतल्या एकीला थोर आणि दुसरीला क्रूर ठरवणे सोपे आहे. पण फेलिचा यांच्याजवळ मुलाचे मित्र होते, कार्यकर्ते होते, घरी येऊन ऐकणारी माणसे होती. पार्तान्नातल्या त्या बाईजवळ नवऱ्याच्या आणि मुलाच्या थडग्यांखेरीज काय होते, हा प्रश्न मला छळतो. रीताच्या बाबतीत ऐकणारा एकच माणूस होता आणि तो गेल्यावर सारा आधारच गेला. ऐकणारी संस्था असावी लागते. एखादा सज्जन माणूस पुरत नाही. पिएरा आइएल्लो मात्र टिकून राहिल्या आणि २०१८ मध्ये इटलीच्या संसदेत निवडून गेल्या. सुरक्षेच्या कारणाने त्यांनी तो प्रचार चेहरा झाकून केला होता.

भावाशेजारची खुर्ची

हॉलीवूडने हा विषय दोन महत्त्वाच्या चित्रपटांत हाताळला आहे आणि दोन्हींत प्रश्न भावाचा आहे. १९५४ च्या ‘ऑन द वॉटरफ्रंट’मध्ये न्यूयॉर्कजवळच्या गोदीवर गुंडांच्या ताब्यात गेलेली कामगार संघटना आहे. नायक टेरीचा थोरला भाऊ चार्ली त्या गुंडांचा सल्लागार. टेरीचे तोंड बंद करण्याचे काम चार्लीवरच सोपवले जाते; तो भावाला सोडून देतो आणि त्यापायी स्वतः मारला जातो. टेरी पिस्तूल घेऊन सुडाला निघतो. पाद्री त्याला अडवून चौकशी आयोगाकडे वळवतो. सुडापासून साक्षीकडे नेणारा ऐकणारा इथेही आहे. तरी एक खोच ध्यानात घ्यावी. भाऊ मेल्यावरच टेरी बोलतो. जिवंत भावाविरुद्ध पिंजऱ्यात उभे राहण्याची वेळ पटकथेने त्याच्यावर येऊ दिलेली नाही. अनेक चित्रपट हीच युक्ती करतात. नातेवाईक आधी मरतो आणि बोलणे सोपे होते.

या चित्रपटाच्या दिग्दर्शकाची गोष्टही इथे सांगायला हवी. एलिया कझान यांनी १९५२ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे आपल्या जुन्या कम्युनिस्ट सहकाऱ्यांची नावे घेतली होती आणि अनेकांनी हा चित्रपट त्यांचे स्वसमर्थन म्हणून पाहिला. साक्ष आणि चुगली यांत फरक कोणता, हा प्रश्न त्यातून उभा राहतो. माझ्या मते, आपल्याहून बलवानाविरुद्ध बोलणे ही साक्ष. बलवानाच्या पुढ्यात बसून आपल्याहून दुबळ्यांची नावे सांगणे ही चुगली. टेरी पहिल्या जागी आहे, कझान दुसऱ्या. ऐकणारा कोण, हे पाहिल्याशिवाय बोलण्याचे मोल ठरत नाही.

१९७४ च्या ‘द गॉडफादर’च्या दुसऱ्या भागात याची उलटी बाजू आहे. फ्रँक पेंतांजेली सिनेटच्या समितीपुढे मायकल कोर्लिओनेविरुद्ध साक्ष द्यायला तयार झालेला असतो. मायकल त्याला धमकी देत नाही. सिसिलीहून फ्रँकच्या भावाला आणतो आणि सभागृहात आपल्या शेजारच्या खुर्चीवर नुसते बसवतो. फ्रँक भावाकडे पाहतो आणि सगळा जबाब फिरवतो. चित्रपटातल्या त्या भावाला इंग्रजी येत नाही. त्याला बोलायची गरजही पडत नाही. ओमेर्ता म्हणजे काय, हे याहून नेमके मी कुठे पाहिलेले नाही.

न झालेली सही

आपल्या चित्रपटांकडे वळू. १९५७ च्या ‘मदर इंडिया’त आई डाकू झालेल्या मुलाला गोळी घालते. महेश मांजरेकर यांच्या १९९९ च्या ‘वास्तव’मध्ये मुंबईतल्या मराठी घरातली आई गुंड झालेल्या रघूला त्याच्याच विनवणीवरून गोळी घालते. रीमा लागूंच्या चेहऱ्यावरची ती वेदना आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. दोन्ही ठिकाणी नीती जिंकते, आई थोर ठरते. पण या आया कोणाशी बोलत नाहीत. सिसिलीची आई पिंजऱ्यात जाते, आपली आई बंदूक उचलते. ऐकून घेणारे कोणी आहे, असे त्या पटकथांना वाटतच नाही. न्याय घरातच उरकायचा असतो.

१९७५ चा ‘दीवार’ मात्र या दृष्टीने पुन्हा पाहावा. भावाभावांतला तंटा म्हणून तो गाजला, पण त्याची सुरुवात काय आहे? कामगारांचा प्रामाणिक नेता आनंद वर्मा याचे बायको-मुले मालक पळवून नेतो आणि त्यांच्या जिवाची भीती घालून त्याच्याकडून कागदावर सही घेतो. कुटुंब वाचवण्यासाठी तो कामगारांना दगा देतो, आणि त्याच सहीने कुटुंबाची धूळधाण होते. पुढे पोलीस अधिकारी झालेला रवी भाऊ विजयसमोर कागद धरतो : गुन्ह्यांची कबुली दे, साथीदारांची नावे सांग आणि सही कर. विजयचे उत्तर प्रसिद्ध आहे. आधी माझ्या बापाची सही घेणाऱ्याची सही आण, असा त्याचा रोख. पन्नास वर्षे आपण त्या उत्तराला टाळ्या वाजवत आलो. मला त्यात साक्षीदाराची तक्रार ऐकू येते. माझ्या घरावर अन्याय झाला तेव्हा ऐकणारे कोण होते, असे तो विचारतो आहे. रवीजवळ कागद आहे, उत्तर नाही. सही होत नाही आणि शेवटी बंदूकच बोलते.

कायदा आणि ऐकणारा

कायद्यालाही हा पेच ठाऊक आहे. इटलीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १९९ आरोपीच्या जवळच्या नातेवाइकांना एरवी साक्ष नाकारण्याची मुभा देते आणि न्यायाधीशांनी ती मुभा त्यांना समजावून सांगावी लागते. म्हणजे तिथे नातेवाइकाची साक्ष बहुतेक वेळा स्वेच्छेची असते. आपल्या १८७२ च्या पुरावा कायद्यात, कलम १२२ मध्ये, पती-पत्नींमधल्या खासगी बोलण्याला संरक्षण होते आणि ते नव्या कायद्यातही कायम आहे. आई-मुलगा किंवा भाऊ-भाऊ यांना ते नाही.

इटलीने १९९१ मध्ये माफियातून फुटून सहकार्य करणाऱ्यांसाठी कायदा केला आणि २००१ मध्ये त्यात महत्त्वाचा भेद आणला : स्वतः गुन्हा केलेला सहकारी वेगळा आणि गुन्ह्याशी संबंध नसलेला साक्षीदार वेगळा. बुशेत्ता आणि पिएरा आइएल्लो यांना एकाच तागडीत तोलायचे नाही, हे कायद्याने मान्य करायला इतका काळ लागला. बुशेत्ताची कथा मार्को बेलोक्क्यो यांच्या २०१९ च्या ‘इल त्रादितोरे’ (देशद्रोह्याला वापरतात तो ‘गद्दार’ हाच शब्द) या चित्रपटात आहे. त्याचे दोन मुलगे १९८२ मध्ये नाहीसे केले गेले होते. आपण गद्दार नाही, टोळीनेच आपले जुने नियम मोडले, असे तो म्हणत राहिला. त्याच्या जबाबांच्या पायावर फेब्रुवारी १९८६ मध्ये पालेर्मोत ४७५ आरोपींचा महाखटला उभा राहिला आणि डिसेंबर १९८७ मध्ये त्यांतल्या ३०० हून अधिक जणांना शिक्षा झाली.

न्द्रांगेताच्या घराणेशाहीवर कॅलाब्रियातल्या बालन्यायालयाने वेगळा मार्ग काढला. न्यायाधीश रोबेर्तो दी बेल्ला यांनी २०१२ पासून टोळीच्या घरांतल्या धोक्यातल्या मुलांना दूरच्या गावी, दुसऱ्या कुटुंबांत ठेवण्याचे आदेश दिले. मूल घरापासून तोडावे का, यावर तिथे तीव्र वाद झाले. जोनास कार्पिन्यानो यांच्या २०२१ च्या ‘आ क्यारा’मध्ये हाच पेच आहे. बापाचा धंदा उमगलेली १५ वर्षांची मुलगी त्यात आहे आणि तिच्या घरच्यांच्या भूमिका प्रत्यक्षातल्या एकाच कुटुंबाने केल्या आहेत. त्यामुळे त्या घरातली माया खोटी वाटत नाही, आणि म्हणूनच निर्णय अवघड वाटतो.

महाराष्ट्राने १९९९ मध्ये संघटित गुन्हेगारीविरुद्ध ‘मोक्का’ आणला. त्याच्या कलम १९ मध्ये साक्षीदाराची ओळख गुप्त ठेवण्याची तरतूद आहे. देशभरासाठी साक्षीदार संरक्षण योजना मात्र सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये मान्य केली तेव्हा लागू झाली. धोका किती, हे ठरवताना साक्षीदाराच्या कुटुंबीयांच्या जिवाचाही विचार तीत आहे. ‘दीवार’मधल्या आनंद वर्माला जी भीती घातली गेली, तिची कागदोपत्री दखल घ्यायला आपल्याला चित्रपटानंतर ४३ वर्षे लागली. कागद आता आहे. घरातून उठून पोलीस ठाण्यापर्यंत जाणाऱ्या बाईला तिथे बसायला खुर्ची मिळते का, आणि तिचे म्हणणे गावभर होण्याआधी नोंदवहीत जाते का, यावर त्या कागदाची किंमत ठरेल.

म्हणून अशा चित्रपटांतल्या बोलणाऱ्याला शूर म्हणून सलाम ठोकणे मला अपुरे वाटते. तो सलाम आपल्याला प्रेक्षकाच्या खुर्चीत निवांत बसवतो. बिभीषणाला सुग्रीवाच्या छावणीत उभे केलेले असते तेव्हा आपण त्या छावणीतले असतो, आणि त्याचे काय करायचे हे आपल्यालाही ठरवायचे असते. चीनिसीत फेलिचा यांनी मुलाच्या मृत्यूनंतर घराचे दार येणाऱ्या प्रत्येकासाठी उघडे ठेवले. शाळेतली मुले येत, त्या त्यांना पेप्पिनोची गोष्ट सांगत. ते घर आता स्मृतिगृह आहे. शंभर पावलांवरचे बादालामेंतीचे घर सरकारने जप्त करून सार्वजनिक उपयोगासाठी दिले आहे. ज्या रस्त्यावरून कधी काळी गाव मान खाली घालून जात होते, त्या रस्त्याने आता माणसे पावले मोजत जातात.